पायाळूची कंबर

कंबर दुखते असं सांगणाऱ्या बाईला आपल्याकडे कुणी आजारी समजत नाही. ताप आला तर कपाळाला हात लावून बघतात, हात मोडला तर गाडी जुंपतात. कंबर काय, सगळ्यांचीच दुखते. मीसुद्धा कितीतरी बायकांना असंच म्हणत आले होते, कारण आमच्या कुरुंद्यात अर्ध्या गावाची कंबर माझ्या पायाखालून गेलेली. म्हणून लिहायला बसले. उठताना भिंत धरावी लागते आणि ते कुणाला दिसू नये म्हणून जी बाई सगळ्यांच्या आधी उठते, तिच्यासाठी हे आहे. मी काही डॉक्टर नाही. माझ्यावर काय बेतलं, त्यातलं काय परत मिळालं आणि काय मिळालं नाही, तेवढं सांगते.

पायाचा मान

मी हट्ट्याची. वडील तिथे मास्तर होते, म्हणून मला लिहिता-वाचता येतं. आईच्या पोटातून मी पायांकडून बाहेर आले. अशा माणसाला पायाळू म्हणतात आणि पायाळूबद्दल दोन गोष्टी लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतात. एक, कुणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळूने पाय लावला की ती उतरते. दुसरी, पायाळूवर वीज पडते.

पहिल्या गोष्टीने मला मान मिळवून दिला आणि दुसरीने माझ्या आईचा जीव खाल्ला. उन्हाळ्यात वळवाचं आभाळ भरून आलं की ती हातातलं काम टाकून मला शोधत सुटायची. आतल्या खोलीत बसवायची, वरून काळी घोंगडी टाकायची आणि आभाळ निवळेपर्यंत दारात ठाण मांडायची. घोंगडीखाली मी उकडून निघायची. "मलाच काहून कोंडून ठिवतीस?" म्हणून भांडायची. आई म्हणायची, "ती तुला धुंडाळत ऱ्हाती, माय. तिला तुझा पत्ता लागू द्यायचा न्हाई."

लग्न होऊन कुरुंद्याला आले, तर ते हळदीचं गाव. हळद काढायच्या दिवसांत बायका सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून असतात. मग आमच्या उंबऱ्याशी सकाळीच माणसं जमायची. पालथं पडायचं, मी उजव्या पायाने कमरेवर तीनदा लाथ द्यायची, की माणूस उठून कंबर हलवून बघायचं आणि माझ्या पायाला हात लावून निघून जायचं. वयाने आईसारख्या बायका पाया पडायच्या, तेव्हा मला लाज वाटायची. सासूबाईंना मात्र त्याचा भारी अभिमान. कुणी नुसतं रस्त्याने वाकून चाललं तरी हाक मारायच्या, "ये की, आमच्या सुनंचा पाय लावून घे!"

गुण यायचा का? पुष्कळांना यायचा. ज्यांना यायचा नाही ती परत आली नाहीत, आणि मीही कधी चौकशी केली नाही.

शिजलेल्या हळदीची टोपली

माझी गोदा तेव्हा नुकतीच पाऊल टाकायला लागली होती. पहिलं लेकरू. शेतात चुलाण पेटलेलं, काहिलीत हळद शिजत होती. शिजलेली हळद ओली, वाफाळती आणि भलती जड असते. ती टोपल्यांत भरून खळ्यावर वाळत घालायची. मी वाकले, टोपली छातीपर्यंत आणली आणि कमरेत काहीतरी सटकलं. आवाज झाला असं मला अजून वाटतं. शेजारी उभ्या असलेल्या जाऊबाईंना काही ऐकू आलं नव्हतं.

हळद सांडली आणि मी तिच्यात गुडघ्यांवर बसले. गोदाला वाटलं, आईने खेळ मांडला. ती हसत, डुलत, दोन्ही हात वर करून आली. मीही हात पुढे केले. माझे पिवळे हात तिच्या काखेत गेले आणि तिथून पुढे काही होईना. तिला वर घेता येईना, मला उठता येईना. ती हसायची थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रडायला लागली. तेव्हा जाऊबाईंनी तिला उचलून घेतलं.

जाऊबाई म्हणजे भागाबाई, माझ्या मोठ्या दिरांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. अंगाने धिप्पाड, आवाज गड्यासारखा. त्या दिवशी त्यांनी एका काखेत गोदा घेतली, दुसऱ्या हाताने मला धरलं आणि दोघींना गाडीपर्यंत आणलं.

दिव्याखाली अंधार

पायाळूला स्वतःच्या कमरेला पाय लावता येत नाही. गाव हळहळलं आणि थोडं हसलंही. सासूबाईंनी शेकलं, निरगुडीचा पाला बांधला, आंबेहळदीचा लेप दिला. मग शेजारच्या गावात एक म्हातारी पायाळू आहे असं कळलं, तेव्हा गाडी पाठवून तिला आणलं.

म्हातारी बिचारी भली होती. तिने हळूच पाय लावला. सासूबाईंना ते काही पटलं नाही. "आवो, ही सोता पायाळू हाय," त्या म्हणाल्या. "साध्या पायानं हिला काय व्हणार? बराबर दणकून द्या."

त्या वेळी मलाही ते पटलं होतं. ज्याच्या अंगात जी ताकद, त्याला ती दुप्पट लागणार, असा आमचा सगळ्यांचा हिशेब. मी दात आवळून पालथी पडले. म्हातारीने भिंतीला धरून जोर लावला. पहिल्या लाथेला डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरीला कुल्ल्यापासून तळव्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखी कळ गेली. तिसरी लाथ मला कळलीच नाही.

त्यानंतर मी अंथरुणाला खिळले. जाऊबाईच मला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, आणि ज्या गोष्टी बाई सख्ख्या आईलाही करू द्यायला लाजते त्या करायच्या. गोदाही त्यांच्याकडेच होती. ती माझ्या अंथरुणावर चढायला लागली की मी ओरडायची, कारण नुसता धक्का लागला तरी कळ यायची. दोन-चार वेळा ओरडले तशी ती यायची थांबली. दारात उभी राहून बघायची, आणि जाऊबाई तिला म्हणायच्या, "हिकडं ये बाळा. तिची कंबर दुखती."

सुई

आमचे मालक कमी बोलणारे. एक दिवस शेतातून आले, माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिंगोलीला जाऊ." सासूबाई म्हणाल्या, कंबरेसाठी कुणी हिंगोलीला जातं व्हय? त्यांनी गाडी अंगणात ओढली. गाडीत कडबा घातला, त्यावर गोधड्या, त्यावर मी. वाटेत हट्ट्याहून आईला घेतलं. वडील जाऊन वर्ष झालं होतं, तिच्यामागे घरात कुणी नव्हतं. ती बरोबर काळी घोंगडी घेऊनच निघाली. थंडीचे दिवस होते, म्हणून मी काही विचारलं नाही.

हिंगोलीत जुन्या छावणीच्या अंगाला बायकांचा एक लहान दवाखाना होता. तिथली डॉक्टरीणबाई हैद्राबादची. बुटकी, चष्मा लावणारी, दखनी बोलणारी. तिने मला उताणी निजवून एकेक पाय सरळ वर उचलला. उजवा वीतभर उचलला तोच मी किंचाळले. मग तिने एक सुई घेतली.

"आंखां बंद करो," ती म्हणाली. "चुभा तो हौ बोलना."

डाव्या पायाला टोचली, मी "हौ" म्हणाले. मग बराच वेळ काही झालं नाही. दुसऱ्या पायाला कधी टोचते म्हणून मी डोळे उघडले, तर ती माझ्या उजव्या पायावर वाकलेली होती आणि अंगठ्याजवळ रक्ताचा एक थेंब आला होता. आई तोंडावर पदर धरून उभी होती. ज्या पायाला गाव हात लावून जात होतं, त्या पायात सुई गेली आणि मला पत्ता नव्हता. तिथे मी पहिल्यांदा रडले. तोपर्यंत दुखण्याने ओरडत होते, रडले नव्हते.

डॉक्टरीणबाईने रडू दिलं. मग समजावून सांगितलं. मणक्यापाशी शीर दबली आहे. कमरेचं आणि पायाचं मांस झोपी गेलं आहे, त्याला जागं करावं लागेल. तिच्याकडे विजेची एक पेटी आहे, ती त्याला जागं करील. पण नुसतं जागं होऊन भागत नाही. "पेटी आधा काम करती," ती म्हणाली. "आधा तुमकू करना है. रोज. कसरत."

मी एकच विचारलं, लेकराला कधी उचलू?

ती चष्मा पुसत राहिली. "अभी नक्को," ती म्हणाली. "बिल्कुल नक्को. पहले अपनी कमर उठाओ, बच्ची कू बाद में." किती दिवसांनी, हे तिने सांगितलं नाही, आणि मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मालकांनी मात्र तो निरोप जसाच्या तसा घरी नेला. गोदाला हिच्याजवळ देऊ नका, डॉक्टरीणबाईचा हुकूम आहे.

घोंगडी

दुसऱ्या दिवशी पेटी आली. लाकडी, शिवणाच्या यंत्राच्या पेटीएवढी, आत पितळी चकत्या आणि तारा. तारांच्या टोकाला तळहाताएवढ्या गाद्या, त्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या. मला पालथी निजवून गाद्या कमरेवर ठेवल्या. डॉक्टरीणबाईने कळ फिरवली तशी पेटी भुंग्यासारखी गुणगुणायला लागली आणि तिच्या आत एक निळी ठिणगी नाचायला लागली.

आईने ती ठिणगी बघितली. पुढचं मला दिसलं नाही, कारण माझ्यावर घोंगडी पडली होती आणि घोंगडीवर आई. पेटी कुठल्या कुठे सरकली, पाण्याचं भांडं सांडलं. आई माझ्यावर पसरून ओरडत होती, "पायाळू हाय ती! माझं लेकरू पायाळू हाय! इतकी वर्सं लपवून ठिवलं आन तुमी घरात आणून तिला दाखवायले!"

मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देतात. डॉक्टरीणबाईने पेटी बंद केली, सांडलेलं पाणी स्वतः पुसलं आणि आईजवळ खाली बसली. पायाळू म्हणजे काय ते तिने आईकडून नीट विचारून घेतलं. ती हसली नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. मग म्हणाली, "अम्मा, ये उस बिजली की बच्ची की बच्ची है. देखो." आणि तिने त्या ओल्या गाद्या आपल्याच हाताला लावून पेटी चालू केली. तिची बोटं आपोआप आखडली, उघडली, पुन्हा आखडली.

"तुमी पायाळू हाव का?" आईने विचारलं.

"नहीं."

"मंग तुमचं काय सांगता?" आई म्हणाली.

शेवटी तोड आईनेच काढली. घोंगडी घडी करून माझ्या डोक्याशी ठेवली, माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि घट्ट धरून बसली. "आता लावा," ती म्हणाली. "आली तर दोघींवर येईल."

त्यानंतर दवाखान्यातल्या जवळपास महिन्याभरात पेटी लागली की आई माझे पाय धरून बसायची. अंगात मुंग्या यायच्या, मग कमरेचं मांस माझ्या मनाविरुद्ध उडायचं, तसं तिच्या हातांनाही थोडं जाणवत असणार. ती डोळे मिटून नागनाथाचं नाव घ्यायची. एक दिवस तिने डोळे उघडून मला विचारलं, "आत्ता अंगठा तू हालिवलास का पेटीनं?" मला कळलं नव्हतं की अंगठा हलला. मी मान वळवली आणि पुन्हा हलवून बघितला. तो मीच हलवत होते.

सून आहे का पैलवान?

पेटी झाली की लगेच व्यायाम. मांस जागं आहे तोवर त्याला कामाला लावायचं, अशी डॉक्टरीणबाईची रीत. उताणं निजून गुडघे मोडायचे आणि कंबर जमिनीपासून उचलायची. पालथं निजून आधी एक पाय, मग दुसरा. शेवटी हातांवर जोर देऊन छाती वर. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी कंबर उचलताना माझ्या तोंडून अशी शिवी गेली की शेजारच्या खाटेवरची बाळंतीण हसायला लागली. तिचं लेकरू जगलं नव्हतं आणि चार दिवस ती कुणाशी बोललेली नव्हती. मग रोज माझ्या व्यायामाच्या वेळी ती कूस बदलून बघायची आणि म्हणायची, "द्या बाई, द्या शिवी, तेच्याबिगर उठायची न्हाई ती." अंगणात तीन दगडांवर आई भाकरी करायची. एक तिलाही असायची.

घरी आले ती काठी धरून, पण माझ्या पायांनी चालत. महिन्या-महिन्याला हिंगोलीला जाऊन पेटी लावून यायची आणि मधल्या दिवसांत रोज व्यायाम, असं ठरलं होतं. पण तीन खणांच्या घरात सुनेने पालथं पडून पाय कुठे वर करायचे? सासरे ओसरीवर, दीर अंगणात, माजघरात येणंजाणं. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सून हाय का पैलवान? वीज लावून आणली ना? झालं की मंग. आता गप पडून ऱ्हा." त्या वाईट नव्हत्या. पडून राहणं म्हणजे आराम आणि आराम म्हणजे औषध, असंच त्यांना माहीत. मायेपोटी त्यांनी मला पुन्हा अंथरुणात घातलं, आणि पुढच्या महिन्यात हिंगोलीला गेले तेव्हा मी होते तिथे परत आले होते. डॉक्टरीणबाईने मालकांना बाहेर नेऊन खडसावलं.

मालकांनी घरी येऊन हळदीच्या खोलीतली पोती एका बाजूला रचली, मधल्या मोकळ्या जागेत गोधडी अंथरली आणि दाराला आतून कडी बसवली. आईसमोर बायकोची बाजू घेणं त्या काळी सोपं नव्हतं. त्यांनी ती त्या कडीनेच घेतली. तेव्हापासून माझी तालीम हळदीच्या वासात चालायची. आजही हळद फोडणीत पडली की माझी कंबर आपोआप ताठ होते.

गावात कळलंच. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "पैलवानीणबाई, कुस्ती कवा हाय?" उसण भरलेली माणसं यायची थांबली. एकदा कुणीतरी अजाणता आलं, तर सासूबाईच म्हणाल्या, "तिचा पाय गेला आता." मी आत पोत्यांआड ऐकत होते.

फटीतली गोदा

एका दुपारी कडी लावायची राहिली होती. मी पालथी, एक पाय वर. बघते तर दाराच्या फटीत गोदा. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी काही बोलले नाही, बोलले तर जाईल म्हणून. ती आत आली, माझ्याशेजारी गोधडीवर पालथी पडली आणि आपला इवलासा पाय वर केला. मी दुसरा केला, तिने दुसरा केला. मी छाती वर उचलली, तिनेही उचलली आणि आमची तोंडं समोरासमोर आली. ती खुदकन हसली. तिच्या नाकाला हळद लागली होती. सगळ्या आजारपणात मला मिळालेला तो सगळ्यात मोठा आनंद होता.

बाहेरून जाऊबाईंची हाक आली, "गोदे! अगं वयनीला तरास देऊ नको, तिची कंबर दुखती." माझे धाकटे दीर मला वयनी म्हणायचे, ते ऐकून गोदाही वयनीच म्हणायला लागली होती. आणि जाऊबाईंना माय. हाक ऐकताच ती उठली. जाताना गोधडीचा दुमडलेला कोपरा तिने सरळ केला, आजारी माणसाच्या घरातली मुलं करतात तसा.

जाऊबाईंवर रागवायला मला जागा सापडली नाही, हे खरं सांगते. पुष्कळ शोधली. त्यांनी लेकरू हिसकावलं नव्हतं, माझ्या हातून निसटलं ते झेललं होतं. गोदाला गोवर निघाला तेव्हा उशाशी त्याच बसल्या. मला खाली बसवत नव्हतं, मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची.

सेल

पेटीला सेल लागायचे, ते कुठूनतरी दुरून यायचे. साहेबाच्या मुलखात मोठी लढाई सुरू झाली तसे ते मिळेनासे झाले. पेटीची गुणगुण बारीक होत गेली आणि एका महिन्यात डॉक्टरीणबाईने कळ फिरवली तर काहीच झालं नाही. तिने दोनदा फिरवून बघितली. "सेल सब लड़ाई में जा रहे," ती म्हणाली. पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून मला म्हणाली, "अब पूरा काम तुम्हारा."

मी घाबरले. दर खेपेला पाय धरायला येणारी आई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊन हट्ट्याला गेली असेल. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. घोंगडी मी ठेवून घेतली. व्यायामाला गोधडीखाली तीच अंथरते.

पुढची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि कंबरदुखीवाल्यांनी तीच समजून घ्यावीत. रोज तेच. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी भिंत धरावी लागायची. व्यायाम सोडावासा वाटायचा. सोडला असताही. पण दारापलीकडे गोदा खेळत असायची, तिचा आवाज यायचा आणि मी कंबर उचलायची. एवढं एकच माझ्या डोक्यात होतं की एक दिवस तिला उचलीन. घागर उचलायला लागले. मग अर्धी टोपली. एक दिवस खोलीतलं कमी भरलेलं हळदीचं पोतं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि तिथेच उभी राहिले, कारण दुखलं नव्हतं.

आता माणसं पुन्हा येतात. लाथ मारत नाही मी, मेलं तरी मारणार नाही. आधी दोन्ही पायांना सुई टोचून बघते. एका पायाला कळलं नाही तर गाडी जुंपायला सांगते. बाकीच्यांना पाय लावते, कारण त्यांना तो हवा असतो, पण नुसता टेकवते. मग हळदीच्या खोलीत नेऊन कंबर उचलायला शिकवते. "पाय आर्धं काम करतो," असं सांगते. बायकांना ते पटतं.

औंढ्याहून येताना

महाशिवरात्रीला आम्ही सगळे औंढ्याच्या यात्रेला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घरासमोर आली. गोदा जाऊबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. तोंड रेवड्यांनी चिकट, हातात खेळण्यातली पिपाणी. आता ती लांबटांग झाली होती, पाय गाडीच्या साटीबाहेर आलेले. मालक बैल सोडत होते. जाऊबाईंनी तिला घ्यायला हात घातले आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

"पारू," त्या म्हणाल्या, "तू घे."

मी गाडीच्या मागे आले. डॉक्टरीणबाईने शिकवलं होतं तशी गुडघ्यांत वाकले, पाठ सरळ ठेवली. एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उठले. ती आली. सगळीच्या सगळी माझ्या छातीवर आली आणि कमरेत काही झालं नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. केसांना उन्हाचा वास येत होता. अंगणातून दारापर्यंत मी इतकी हळू चालले की मालक बैलांच्या वेसणी धरून बघतच राहिले.

उंबऱ्यापाशी तिला जाग आली. डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं आणि एकदम अंग आखडून घेतलं. झोप पार उडाली. कुणाच्या तरी घरची वस्तू चुकून आपल्या हातून पडू नये म्हणून सांभाळावी तशी ती जपून बोलली.

"खाली ठिवा, वयनी," ती म्हणाली. "तुमची कंबर दुखंल."

"न्हाई दुखत गं आता," मी म्हणाले.

पण ती उतरून जाऊबाईंच्या मागे घरात गेली होती.